तिच्या शिफ्टच्या टायमानं

"घरी सांगून आलीस का?"

सकाळी साडेसहाला मैदानाच्या फाटकात उभं राहून सर प्रत्येक मुलीला हे विचारायचे. उशीर का झाला, काल का आली नव्हतीस, बुटाची नाडी कुठे गेली, हे सगळं नंतर. आधी हा प्रश्न. मुलगी "हो सर" म्हणाली की क्षणभर तिच्या तोंडाकडे बघायचे आणि बाजूला व्हायचे. खोटं बोलणारी मुलगी तेवढ्यात सापडायची. तिला ते आत घेत नसत आणि घालवूनही देत नसत. फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसवून ठेवायचे आणि सराव संपला की तिच्याबरोबर तिच्या घरी जायचे.

त्या घरी जाण्याचे बरेच किस्से आहेत. त्यातला एक पुढे सांगते.

मी पिंपळे गुरवातल्या एका शाळेत मराठी शिकवते. आमच्या शाळेत दोन तऱ्हेच्या घरांतली मुलं येतात. काही जुन्या गावातली, ज्यांच्या आजोबांच्या शेतात आता सात-सात मजले उभे आहेत. आणि बाकीची कासारवाडीच्या बाजूने येणारी, एका-दोन खोल्यांत राहणाऱ्या कामगारांची. सर भूगोल शिकवायचे आणि मुलींच्या खो-खोच्या संघाचे प्रशिक्षक होते. ते मूळचे लातूरकडचे. दरवर्षी पाचवीचा नवा वर्ग आला की भिंतीवर महाराष्ट्राचा मोठा नकाशा लावायचे आणि प्रत्येक मुलाला आपल्या आईवडलांच्या गावावर टाचणी टोचायला लावायचे. चिपळूण, मेहकर, औसा, जामखेड. जुन्या गावातली मुलं हिरमुसून बसायची, कारण त्यांना लांब कुठे टोचता यायचं नाही. मग सर त्यांना सांगायचे की तुम्ही यजमान आहात, बाकीच्यांनी टोचलेल्या टाचण्या सरळ आहेत का ते तुम्ही तपासा. ते काम ती मुलं फार कडक करायची.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही, आणि नावाची तशी कधी गरजही पडली नाही. शाळेत पंधरा-सोळा पुरुष शिक्षक होते, सगळ्यांना मुलं अमुक सर, तमुक सर म्हणायची. नुसतं "सर" म्हटलं की ते एकटेच.

उंची बेताची. नववीच्या मुलींच्या मागे उभे राहिले तर दिसायचे नाहीत. गळ्यात शिट्टी असायची, पण ती वाजवलेली मी फारशी ऐकली नाही. टाळी वाजवायचे. एक टाळी म्हणजे थांबा, दोन म्हणजे परत करा. तीन वाजल्या की सराव संपला. समोरच्या इमारतीतल्या बायकांनासुद्धा ती भाषा कळायला लागली होती. तीन टाळ्या ऐकू आल्या की त्या आपापल्या मुलींच्या चहाचं आधण ठेवायच्या.

सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, चाकणला कंपनीत होत्या. गाड्यांमधल्या वायरींचे जुडगे बनतात, तिथे. पहिल्या शिफ्टची कंपनीची बस सकाळी सहाला नाशिक फाट्यावर यायची. सर स्कूटरवरून त्यांना सोडायला जात. पुढे उभी त्यांची मुलगी अन्वी, अर्धी झोपेत, मागे वहिनी, मांडीवर डबा. बस निघाली की बापलेक तसेच मैदानावर यायचे. अन्वीची शाळा साडेसातला. सव्वासातला सर सराव थांबवून तिला खांबापाशी उभी करायचे आणि तिच्या वेण्या घालायचे.

पहिल्या वर्षी मुली तोंडावर हात ठेवून हसायच्या. सरांना त्याचं काही वाटत नव्हतं. त्यांना वाटायचं ते वेण्या वाकड्या होतात याचं. एक दिवस त्यांनी संघाला गोलात बसवलं आणि विचारलं की तुमच्यात सागरवेणी कुणाला येते. तीन हात वर आले. त्यातल्या एकीने आठवडाभर रोज त्यांना शिकवलं. पुढच्या महिन्यात अन्वीची वेणी शाळेतली सगळ्यात नेटकी वेणी होती, आणि सामन्याच्या दिवशी संघातल्या मुली सरांपुढे रांग लावून उभ्या राहू लागल्या. पळताना केस सुटू नयेत अशी घट्ट वेणी त्यांच्यासारखी कुणालाच जमायची नाही.

शिक्षकखोलीत त्यांची थट्टा व्हायची. आमच्यातले एक गणिताचे शिक्षक त्यांना रोज विचारायचे, "काय सर, आज स्वयंपाकाला काय?" सर शांतपणे सांगायचे, "दोडका केलाय. शेंगदाण्याचा कूट जरा जास्त पडला." आणि डबा पुढे करायचे. दोडका चांगला झालेला असायचा, त्यामुळे थट्टा तिथेच संपायची.

आता तो घरी जाण्याचा किस्सा. ऋतुजा नावाची सातवीतली मुलगी, जुन्या गावातल्या मोठ्या घरातली. पायात वारं. एकदा फाटकात "हो सर" म्हणाली आणि पकडली गेली. घरी आजोबांचा शब्द चाले आणि आजोबांना हे पळणं-बिळणं मान्य नव्हतं. सर सराव संपल्यावर तिच्याबरोबर गेले. मला म्हणाले, तुम्हीही चला, बाईमाणूस बरोबर असलेलं बरं. म्हणून मला हे डोळ्यांनी बघायला मिळालं.

आजोबा ओट्यावर बसले होते. आम्ही टेकायच्या आतच म्हणाले, "आमच्या घरातल्या पोरी मैदानात उघड्यावर पळत न्हाईत. आमी सांगितलंय तिला."

सरांनी "बरोबर आहे" म्हटलं आणि खो-खोचा विषयच काढला नाही. अंगणात एक म्हैस बांधलेली होती, तिची चौकशी केली. किती वेताची, पेंड कुठली घालता. आजोबांनी आधी तुटक उत्तरं दिली, मग सविस्तर दिली. सरांच्या वडलांकडेही म्हशी होत्या. तासाभराने आम्ही चहा पिऊन उठलो. बाहेर आल्यावर मी विचारलं की आपण आलो कशाला होतो. ते म्हणाले, "आज ओळख झाली. आता सावकाश."

दुसऱ्या खेपेला मी नव्हते. तिसऱ्या खेपेला सरांनी आजोबांना विचारलं की आट्यापाट्या खेळत होता का हो तुम्ही. म्हातारा एकदम सरळ होऊन बसला. खेळत होते म्हणजे काय, पंचक्रोशीत नाव होतं. मग सरांनी अडचण सांगितली. मैदानाची माती धरत नाही, पोरी घसरतात, जुनी मैदानं कशी तयार करायचे ते आता कुणाला माहीत नाही, तुम्ही एकदा येऊन बघाल का. दुसऱ्या दिवशी आजोबा आले. माती हातात घेऊन चुरली आणि शाळेच्या शिपायाला दोन गोष्टी सुनावल्या. संध्याकाळी स्वतःच्या ओळखीने चांगली माती भरलेला ट्रॅक्टर पाठवला. त्यानंतर ते रोज येऊ लागले. ऋतुजा बचावाला उतरली की मोठ्याने सूचना द्यायचे आणि सरांच्या टाळ्यांत गोंधळ व्हायचा. एकदा सरांनी त्यांना नम्रपणे सांगितलं की आजोबा, एका संघाला एकच कोच असतो. आजोबा म्हणाले, "व्हय, मग तुमी बसा थोडा वेळ."

ऋतुजा नववीत गेली तेव्हा सरांनी तिला कर्णधार केलं. त्याच वर्षी आमचा संघ पहिल्यांदा विभागीय स्पर्धेला पोचला. स्पर्धा सोलापूरला होत्या. संघाबरोबर शिक्षिका म्हणून मी गेले आणि पालकांचे प्रतिनिधी म्हणून, कुणी न नेमता, आजोबा आले.

सामन्याच्या वेळी सर आपला फोन माझ्याकडे देत असत. खेळ सुरू असताना त्यांना तो खिशात नको असायचा. देताना दरवेळी सांगायचे, "घरचा आला तर लगेच सांगायचं, मॅडम. बाकी कुणाचा बी असू द्या."

उपांत्य सामना अटीतटीचा झाला. शेवटचा पाठलाग आमचा होता. नऊ मिनिटांत आठ गडी बाद केले तर आम्ही अंतिम फेरीत. मुली आपापल्या चौकात बसल्या, पंचांनी शिट्टी दिली आणि माझ्या पर्समधला फोन थरथरला.

वहिनींच्या कंपनीतल्या सुपरवायझर बाई बोलत होत्या. वहिनींचा उजवा हात प्रेसमध्ये सापडला होता. बोटांना बरंच लागलं होतं. भोसरीला दवाखान्यात आणलंय, शुद्धीवर आहेत, सरांना सांगा, असं त्या म्हणाल्या. मी "सांगते" म्हटलं आणि फोन ठेवला.

सर माझ्यापासून चार पावलांवर उकिडवे बसले होते. पाठ माझ्याकडे. मी उठले आणि परत बसले. मनात हिशेब केला की ते आता इथून निघाले तरी पाच-सहा तासांच्या आधी पोचत नाहीत. दहा मिनिटांनी काय बिघडणार आहे. बारा वर्षं हा माणूस या नऊ मिनिटांसाठी राबलाय. मुली त्यांच्या टाळीवर चालतात, ते मध्येच उठले तर सगळं विस्कटेल. हे सगळं मला त्या वेळी अगदी पटलं होतं. आजही त्यातला एकेक मुद्दा चुकीचा होता असं मला म्हणता येत नाही.

सामना आम्ही जिंकला. शेवटचा गडी ऋतुजाने सूर मारून घेतला, तेव्हा काही सेकंदच उरले होते. मुली एकमेकींवर कोसळल्या, आजोबा मैदानात धावत गेले. सर उठून वळले, हसत होते, आणि माझं तोंड बघून थांबले.

मी सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "फोन कधी आला?"

"डाव सुरू होताना."

त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "घरचा होता मॅडम," म्हणाले. आवाज वाढवला नाही. एवढंच म्हणाले. मला त्यानंतर कुणाच्या शिव्या इतक्या लागल्या नाहीत.

मुलींपासून त्यांनी काही लपवलं नाही. त्यांना गोळा करून सरळ सांगितलं की काकूंच्या हाताला मशीनवर लागलंय आणि मी निघतोय. खिशातला कागद काढून ऋतुजाला दिला. दुसऱ्या दिवशीच्या अंतिम सामन्यात कुणी कुठल्या चौकात बसायचं, कोणत्या तिघींनी आधी बचावाला उतरायचं, ते त्यावर होतं. जमलं तर यातलं बदल, तुला मैदानात जास्त दिसेल, असंही तिला सांगितलं. स्पर्धा भरवणाऱ्यांपैकी एकाने मोटरसायकलवरून त्यांना एसटी स्टँडला सोडलं.

अंतिम सामना आम्ही दोन गुणांनी हरलो. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. ऋतुजाने सरांच्या कागदातले दोन बदल केले आणि ते दोन्ही बरोबर ठरले, तरी हरलो. समोरचा संघ चांगला होता. परतीच्या गाडीत मुलींनी डबेसुद्धा उघडले नाहीत. आजोबा मध्येच म्हणाले, "हारलो न्हाई आपण. गुण कमी पडलं." त्यावर कुणीतरी हसलं आणि मग रडणं सुरू झालं. ते भोसरी येईपर्यंत चाललं, कारण मुलींनी ठरवलं होतं की आधी दवाखान्यात जायचं, मग घरी.

आत दोघींनाच सोडलं. ऋतुजा आणि मी गेलो. वहिनींच्या उजव्या हाताला मोठं बँडेज होतं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही अर्ध्यातून गेली होती. सर स्टुलावर बसून मोसंबं सोलत होते. ऋतुजाने खाली मान घालून सांगितलं, "हरलो सर. दोन गुणांनी."

"कुठं सुटला गडी?" सरांनी विचारलं.

"आता इथं पण?" वहिनी म्हणाल्या. चेहरा उतरलेला होता, पण हसल्या. मग मला जवळ बोलावून म्हणाल्या, "त्या फोनचं मला कळलं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. हे मॅच टाकून आले असते तर मी तरी काय करणार होते, ऑपरेशनलाच नेलं होतं मला." सर मोसंब्याच्या शिरा काढत राहिले. त्यांनी मान वर केली नाही. वहिनींनी मला माफ केलं होतं, सरांनी अजून केलं नव्हतं.

नंतर सरांनी महिनाभर रजा घेतली आणि घराचा ताबा घेतला. हा शब्द वहिनींचा. त्यांना पाण्याचा पेला उचलू देत नव्हते, दार उघडायला उठू देत नव्हते. केस विंचरायचे, भात कालवून द्यायचे. भेटायला येणाऱ्यांना सांगायचे की झालं तेवढं पुष्कळ झालं, आता ही कंपनीत जाणार नाही, घरी निवांत राहील. येणारे म्हणायचे, नवरा असावा तर असा. मी तिसऱ्यांदा गेले तेव्हा सर दूध आणायला खाली उतरले होते. वहिनी घाईने म्हणाल्या, "मॅडम, ह्यांना शाळेत न्या. मला जीव नकोसा झालाय."

पण सर दूध घेऊन परत आले आणि त्यांना संशय आला की आमचं काहीतरी चाललंय. तेव्हा वहिनींनी माझ्यासमोरच विषय काढला. मला कामावर जायचंय, म्हणाल्या. सर म्हणाले की बोलून झालंय ते.

"तुमचं बोलून झालंय. माझं कुठं झालंय?"

सरांनी दुधाची पिशवी ओट्यावर ठेवली. वहिनी सावकाश बोलत होत्या. त्यांनी विचारलं, "त्या ऋतुजाचं ढोपर फुटलं होतं, तिच्या आजोबांनी खेळ बंद म्हणून सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही त्यांना काय सांगून आलात? लागलं म्हणून खेळ सोडायचा नसतो, असंच ना?"

"ते वेगळं हाय."

"काय वेगळं आहे?"

सर उभे होते. मी तिथे नसते तर बरं झालं असतं असं मला वाटत होतं. मग ते म्हणाले, "मला भ्या वाटतं. सोलापूरपासून एसटीत बसून आलोय मी." आणि गॅलरीत जाऊन वाळत घातलेले कपडे काढायला लागले. कपडे अजून ओले होते. काढले आणि परत घातले.

दुसऱ्या सोमवारी सर शाळेत रुजू झाले, आणि त्याच सकाळपासून घरी वहिनींचा सराव सुरू झाला. डावा हात. पहिल्या आठवड्यात कपड्याचे चिमटे दोरीला लावायचे आणि काढायचे. मग ताटातली मटकी आणि मसूर वेगळी करायची. मग अन्वीच्या दुरेघी वहीत अक्षरं. जखम भरली तशी उजव्या हाताची उरलेली बोटंही कामाला लागली. कंपनीतून मैत्रिणींनी वायरीचे तुकडे आणि क्लिपा पाठवल्या. सर समोर स्टॉपवॉच घेऊन बसायचे. वहिनींनी ते दोन दिवस सहन केलं, तिसऱ्या दिवशी घड्याळ काढून घेतलं आणि अन्वीकडे दिलं. आई किती सेकंदात काय करते हे अन्वी सगळ्या इमारतीला सांगत फिरायची.

रविवारी संघातल्या मुली यायच्या. चुरशीने क्लिपा बसवायच्या शर्यती लागायच्या. सुरुवातीला मुली मुद्दाम हरत. वहिनींना ते कळलं तेव्हा त्या चिडल्या आणि सरांनी मुलींना झापलं. चौथ्या महिन्यात मुली खरोखर हरायला लागल्या. मी स्वतः एकदा बसले. वहिनींच्या वीस झाल्या तेव्हा माझ्या सहा झाल्या होत्या.

त्या कामावर परत गेल्या त्या सकाळी सरांनी त्यांना नाशिक फाट्यावर सोडलं आणि मैदानावर आले. त्या दिवशी त्यांनी कुठल्याही टाळीचं गणित पाळलं नाही. मुली नुसत्या पळत होत्या. साडेसातला वहिनींचा "पोचले" असा मेसेज आला, तो त्यांनी मला दाखवला. माझ्याशी ते दवाखान्यापासून मोजकंच बोलत होते. पुढच्या मोसमात शहराच्या स्पर्धा होत्या, तिथे पहिल्या सामन्याआधी ते माझ्याजवळ आले आणि फोन पुढे केला. नेहमीची सूचना दिली नाही. मीच म्हणाले, "लगेच सांगेन." ते म्हणाले, "माहीत हाय." तो सामना आम्ही जिंकलो की हरलो, मला आठवत नाही.

पुढची दोन वर्षं आमच्या शाळेची होती. संघ दोनदा राज्यस्पर्धेला गेला. ऋतुजा कॉलेजला गेली तरी सकाळी सरावाला यायची, लहान मुलींना शिकवायची. वर्तमानपत्रात फोटो आले. आणि अशा ऐन भरात सरांनी संस्थेकडे बदलीचा अर्ज दिला. चाकणच्या पुढे संस्थेची एक लहान शाळा आहे, तिथे.

मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून घेतलं. मीही होते. कारण साधं होतं. वहिनींना कंपनीने नव्या मुलींना शिकवण्याचं काम दिलं होतं. मशीनवर हात कसा ठेवायचा, कुठे ठेवायचा नाही, हे आता त्या शिकवत होत्या. जबाबदारी वाढली, वेळ वाढला, आणि नाशिक रस्त्याच्या गर्दीत बस जायला-यायला तीन-तीन तास खायची. अन्वीला आई जागी अशी रविवारीच दिसायची. मुख्याध्यापकांनी परोपरीने समजावलं. त्या शाळेला मैदान नाही, संघ नाही. इथे सोळा वर्षांचं काम उभं आहे, आणखी एक-दोन वर्षं थांबा.

सर म्हणाले, "सोळा वर्षं ती माझ्या शाळेच्या टायमानं ऱ्हायली, सर. आता आम्ही तिच्या शिफ्टच्या टायमानं ऱ्हाऊ."

मला राग आला होता. बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं की या मुलींचं काय, त्यांनी तुमच्यावर सगळं सोपवलंय. ते म्हणाले की ऋतुजा आहे. मी म्हटलं, ती एकोणीस वर्षांची आहे. ते म्हणाले, "मॅडम, मी आलो तवा तिच्याएवढं बी मला येत नव्हतं." मला ते पटलं नाही. मी निरोप समारंभाला बोलायला नकार देणार होते, पण त्यांनी निरोप समारंभच करू दिला नाही. शनिवारी सकाळचा सराव घेतला, तीन टाळ्या वाजवल्या, ऋतुजाला मैदानाच्या किल्ल्या दिल्या आणि गेले. दुपारी त्यांच्या सामानाचा टेम्पो माझ्या घरासमोरून गेला. मी खिडकीतून बघितलं, खाली उतरले नाही.

त्यानंतर दोन वर्षं आमची भेट नव्हती. दिवाळीला फोन व्हायचा, तेवढाच. मग गेल्या हिवाळ्यात भोसरीच्या एका मंडळाने शाळांच्या खो-खो स्पर्धा घेतल्या. पहिल्याच फेरीत आमच्या शाळेसमोर चाकणकडच्या एका शाळेचा संघ आला. बघते तर बाजूला सर उभे. केस पिकले होते. संघात मोजून नऊ मुली, एकही राखीव नाही. तिघींच्या पायात बूट नव्हते. बहुतेक कंपन्यांमधल्या कामगारांच्या मुली, काही बिहारकडच्या असाव्यात. सर त्यांच्याशी मराठी-हिंदी मिसळून बोलत होते आणि त्यांचं हिंदी वाईट होतं.

सामना एकतर्फी झाला. आमच्या मुलींनी एक डाव राखून जिंकला. ऋतुजाने शिकवलेल्या मुली होत्या त्या. खेळ संपताच ऋतुजा आणि तिच्या मागे सगळा संघ सरांच्या पाया पडायला धावला. सरांनी त्यांना मध्येच हात करून थांबवलं आणि सांगितलं की तुमचा पुढचा सामना तासाभरात आहे, आधी अंग मोकळं करा, पाणी प्या, मग या. ऋतुजा हसली आणि मुलींना घेऊन वळली.

मी त्यांच्याजवळ गेले. वहिनी आल्या होत्या. त्या दिवशी त्यांची सुट्टी होती. संघाला घेऊन आलेल्या टेम्पोपाशी उभ्या राहून त्या पराभूत मुलींना केळी वाटत होत्या. अन्वी उंच झाली होती, वडलांच्या खांद्याला लागत होती. मी सरांना म्हटलं की ऋतुजाबद्दल तुमचं बरोबर होतं. ते म्हणाले, "दुसऱ्या डावात तिनं लवकर बदल केला. मी उशिरा केला असता." बास. जुन्या रागाबद्दल मी बोलणार होते, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांचं लक्ष मैदानाकडे होतं.

त्यांच्या संघातली सगळ्यात लहान मुलगी तिथे एकटीच बसून रडत होती. पाचवीतली असेल. खांबाला वळसा घालताना तिचा तोल गेला होता आणि ती तीनदा बाद झाली होती. सर तिच्याकडे गेले. काय बोलले ते इथून ऐकू आलं नाही. मुलगी उठली, नाक पुसलं, आणि धावत जाऊन खांबाला वळसा घेतला. परत तोल गेला. मग सर स्वतः धावले. पन्नाशीला आलेला तो बुटका माणूस पँट-शर्टात खांबाकडे धावला, एका हाताने खांब धरला, सगळं अंग बाहेर झोकलं आणि गर्रकन वळून पलीकडे गेला. मुलगी बघत राहिली.

मंडळाची पोरं पुढच्या सामन्यासाठी चुन्याच्या रेषा मारायला आली होती. टेम्पोवाला हॉर्न देत होता. सर पुन्हा धावले, या वेळी सावकाश, पाय कुठे पडतो ते तिला दिसावं म्हणून. त्यांच्या मागे ती.